पॉर्नला स्त्री-पुरुषांचा प्रतिसाद : फरक नेमका कुठे आहे?

माजिवडा_नाका (धागाकर्ता)

ठाणे-नवी मुंबईत लग्नाआधीच्या मार्गदर्शनाची सत्रं आता बऱ्याच ठिकाणी होतात, आणि त्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं : पुरुषाला दृश्य लागतं, बाईला शब्द. ऐकणारे ते गाठीला बांधून घरी जातात. मग बायकोला एखादी क्लिप बघावीशी वाटली की तिचं काहीतरी बिनसलंय असं ठरतं, आणि नवऱ्याला तसल्या व्हिडिओंत रस नसला की त्याच्या पुरुषपणाबद्दल शंका. संशोधन इतकं सरळ बोलत नाही, म्हणून हा धागा.

या विषयात चार वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. माणूस तोंडाने काय सांगतो, जननेंद्रियांत रक्त किती भरतं, मेंदूचे कुठले भाग जागे होतात, आणि एरवी तो असं साहित्य किती बघतो. चारींची उत्तरं वेगवेगळी येतात. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या नावावर खपवलं की गोंधळ सुरू होतो.

'बाईला शब्द' या समजाला बळ दिलं अमेरिकन लैंगिकता-संशोधक किन्सीच्या १९५३ च्या अहवालाने. सुमारे ५,९४० स्त्रियांच्या मुलाखती, आणि चित्रं-छायाचित्रं पाहून उत्तेजना येते असं सांगणाऱ्यांचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच कमी. पण ते फक्त सांगणं होतं, आणि तेही त्या काळातल्या अमेरिकन बायकांनी एका अनोळखी माणसासमोर बसून. शरीराची नोंद घेणारे ठळक प्रयोग पुढच्या दशकांत झाले. ज्युलिया हायमनने विद्यार्थ्यांना ध्वनिफिती ऐकवल्या : काही नुसत्या प्रेमळ, काही उघड लैंगिक, काही दोन्ही एकत्र. नुसत्या प्रेमळ फितींनी स्त्रियांच्या शरीरात फारसा फरक पडला नाही. उघड मजकुराने पडला, तोही ठळक. त्यातल्या काही बायकांच्या शरीराची नोंद चांगली वर गेलेली असताना त्या 'काहीच जाणवलं नाही' असं सांगत होत्या, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा धागा तिथूनच निघतो.

२०१० मध्ये मेरेडिथ चिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी १९६९ ते २००७ मधले १३२ प्रयोग एकत्र करून पाहिले, २,५०५ स्त्रिया आणि १,९१८ पुरुषांचे. शरीराची नोंद आणि 'मला किती उत्तेजना वाटली' हे स्वतःचं सांगणं यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जुळून चालतात ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) पुरुषांत ०.६६ निघाला आणि स्त्रियांत ०.२६. मोठा फरक इथे आहे. दृश्याने शरीर जागं होतं की नाही, यापेक्षा शरीर जागं झाल्याची बातमी मनापर्यंत पोचते का आणि मन ती आपली मानतं का, या बाबतीत स्त्री-पुरुष वेगळे पडतात.

कळवा_खाडी

०.६६ आणि ०.२६ म्हणजे व्यवहारात काय? आणि बाईच्या शरीराची नोंद करतात तरी कशी? पुरुषाचं समजू शकतं.

घणसोली_११

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. सहसंबंधाचा वर्ग करायचा. ०.६६ चा वर्ग ०.४४, म्हणजे पुरुषांच्या सांगण्यातला चढउतार सुमारे ४४ टक्के शरीराच्या नोंदीशी जुळतो. ०.२६ चा वर्ग ०.०७, म्हणजे स्त्रियांत जेमतेम ७ टक्के. पण हा सरासरी आकडा आहे. काही स्त्रियांचं शरीर आणि मन अगदी बरोबरीने चालतं, काही पुरुषांचं अजिबात नाही. प्रयोगाची रचना बदलली की आकडाही हलतो. एकाच प्रकारची एकच फीत दाखवली तर स्त्रियांतला सहसंबंध कमी दिसतो. सौम्यापासून उघडपर्यंत बऱ्याच फिती दाखवल्या तर वाढतो, कारण नोंदीत चढउतारच नसेल तर जुळण्यासारखं काही उरत नाही.

सीवूड्स_सायली

मोजणीचं मी लिहिते, कारण सगळा वाद मोजणीवरच येऊन अडतो.

पुरुषांसाठी जुनं साधन म्हणजे पाऱ्याने किंवा इंडियम-गॅलियमने भरलेली सिलिकॉनची बारीक नळी, अंगठीसारखी लिंगाभोवती बसवलेली. घेर वाढला की नळी ताणली जाते, आतला धातूचा धागा बारीक होतो, विद्युतरोध वाढतो. पायऱ्या-पायऱ्यांच्या दांड्यावर चढवून आधी ती तपासून घेतात, म्हणून नोंद थेट मिलिमीटरमध्ये मिळते. यातली एक खोच लक्षात ठेवा. ताठरता सुरू होताना लिंग आधी लांबीत वाढतं आणि घेर क्षणभर घटू शकतो. विश्लेषण करणाऱ्याला हे माहीत नसेल तर सुरुवातीचा प्रतिसाद तो चक्क उलटा वाचतो.

स्त्रियांसाठी १९७५ मध्ये सिंटचॅक आणि गीअर यांनी मांडलेलं साधन आजही वापरात आहे. टॅम्पॉनएवढी पारदर्शक प्लास्टिकची नळी, आत एक प्रकाशस्रोत आणि एक प्रकाशग्राहक. योनीच्या भिंतीवरून परत येणारा प्रकाश तिथल्या रक्ताप्रमाणे बदलतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर जी बारीक लाट उमटते तिची उंची मोजतात. सहभागी स्त्री बंद खोलीत एकटी असते आणि साधन स्वतःच बसवते. ते दर वेळी सारख्याच खोलीवर बसावं म्हणून केबलला चकती लावलेली असते. आधी काही मिनिटं निसर्गाची किंवा प्रवासाची तटस्थ फीत दाखवून पायाची पातळी घेतात, मग लैंगिक फीत, मग पुन्हा तटस्थ. वापरानंतर साधन रुग्णालयातल्या उपकरणांसारखंच निर्जंतुक करावं लागतं.

बिघडतं कुठे ते सांगते. या लाटेच्या उंचीला एककच नाही. खरा शून्य नाही आणि वरची मर्यादाही ठाऊक नाही. साधन किंचित फिरलं, ती खोकली, बसायची पद्धत बदलली की नोंदीत मोठा काटा येतो. असे काटे हाताने शोधून काढून टाकावे लागतात. त्यामुळे एकाच स्त्रीची तटस्थ आणि लैंगिक फितीची तुलना करता येते, पण 'अमकीला तमकीपेक्षा जास्त' असं म्हणता येत नाही. मिलिमीटरशी तुलना तर दूरच. 'पुरुषाचं शरीर जास्त प्रतिसाद देतं' असं कुणी या दोन यंत्रांवरून सांगत असेल तर ते विधान बिनबुडाचं आहे.

दोघांना एकच माप लावायचं तर उष्णता मोजणारा कॅमेरा हवा. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात कुक्कोनेन, बिनिक आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तसं केलं. खोलीचं तापमान स्थिर ठेवायचं, आधी अंग त्या तापमानाला रुळू द्यायचं, मग फीत. त्वचेचं तापमान शिखरावर पोचायला पुरुषांना साधारण ११ मिनिटं लागली आणि स्त्रियांना साधारण १२. फरक सांख्यिकीदृष्ट्या नगण्य. 'बाईला तापायला फार वेळ लागतो' हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, पण इथे घड्याळाने त्याला दुजोरा दिलेला नाही. शिवाय या पद्धतीत स्त्रियांचं सांगणं आणि शरीर यांची सांगडही बरीच बरी लागली. म्हणजे ०.२६ मधला काही भाग यंत्राचा आहे, असं मानायला जागा आहे. सगळा नाही.

माजिवडा_नाका

सायली, फार नेमकं लिहिलंस. यंत्रापलीकडे उरतो त्या भागाबद्दल दोन विचार मांडले जातात. एक शरीररचनेचा : पुरुषाला स्वतःचा प्रतिसाद दिसतो, कपड्याला लागतो, लहानपणापासून लपवावा लागतो. त्यामुळे तो ओळखायचा सराव आपोआप होतो. स्त्रीचा प्रतिसाद बराचसा आत असतो, आणि ओलावा जाणवलाच तर त्याचा अर्थ 'पांढरं जातंय' असा लावायला शिकवलेलं असतं. दुसरा विचार संरक्षणाचा : लैंगिक काही समोर आलं की योनीकडचा रक्तप्रवाह आणि ओलावा आपोआप वाढतो, म्हणजे संबंध आलाच तर आतल्या त्वचेला इजा कमी होते. तसं असेल तर तो प्रतिसाद इच्छेवर अवलंबून असायचं कारणच नाही.

चिव्हर्सच्या २००४ च्या प्रयोगातून याला पुष्टी मिळते. पुरुषांचं शरीर आपल्या आवडीच्या लिंगाच्या व्यक्तींच्या फितींना स्पष्टपणे जास्त प्रतिसाद देत होतं, समलिंगी असोत की भिन्नलिंगी. स्त्रियांचं शरीर मात्र दोन्ही प्रकारच्या फितींना प्रतिसाद देत होतं, त्यांची स्वतःची आवड काहीही असली तरी. पुढच्या प्रयोगांत समलिंगी स्त्रियांचा प्रतिसाद भिन्नलिंगी स्त्रियांपेक्षा आवडीला जास्त धरून दिसला, म्हणून हा नियम सगळ्या बायकांना सरसकट लावू नये.

घणसोली_११

मेंदूबद्दल थोडं, कारण त्याच्या नावाने फार काही खपवलं जातं. २००४ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठात हॅमन आणि सहकाऱ्यांनी १४ पुरुष आणि १४ स्त्रियांना कामुक छायाचित्रं दाखवून मेंदूचं स्कॅन केलं. अमिग्डला आणि हायपोथॅलॅमस हे भावना आणि लैंगिक प्रेरणेशी जोडलेले भाग पुरुषांत जास्त सक्रिय झाले, स्त्रियांनी जास्त उत्तेजना सांगितली तेव्हासुद्धा. 'पुरुषाचा मेंदू दृश्यावर चालतो' याला हाच दाखला दिला जातो. २०१९ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगनच्या माक्स प्लांक संस्थेतून ६१ स्कॅन-अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, १,८५० माणसांचं. त्यात लिंगानुसार फरक सापडला नाही. फरक पडत होता तो छायाचित्र की चलचित्र याने, आणि माणसाचा लैंगिक कल कुणाकडे आहे याने.

पण इथेही घाई नको. अशा एकत्रित विश्लेषणात प्रत्येक अभ्यासातल्या सक्रिय बिंदूंची ठिकाणं जुळवतात. कुठे सक्रिय झालं ते नीट कळतं, किती जोराने झालं ते तितकंसं नाही. म्हणजे 'दोघांत तेच भाग जागे होतात' इतपत ठामपणे म्हणता येतं. २८ जणांच्या अभ्यासावर संसार उभा करू नये, आणि तो पुरता खोटा ठरला असंही म्हणू नये.

गौरी_वाशी

नजर कुठे जाते याचाही अभ्यास आहे. रुप आणि वॉलन यांच्या २००७ च्या प्रयोगात डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र वापरलं होतं. लैंगिक छायाचित्रांत पुरुष चेहऱ्यांकडे स्त्रियांपेक्षा जास्त वेळ बघत होते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांची नजर कपडे आणि पार्श्वभूमीकडे जास्त, न घेणाऱ्यांची जननेंद्रियांकडे. पुरुष शरीर बघतो आणि बाई भाव बघते, हे गृहीत तिथे टिकलं नाही.

समुपदेशनाच्या दृष्टीने मात्र मला एलेन लानचा १९९४ चा ॲमस्टरडॅममधला प्रयोग सगळ्यात उपयोगी वाटतो. स्त्रियांना दोन फिती दाखवल्या, एक पुरुषाने बनवलेली नेहमीची, दुसरी स्त्रीने बनवलेली, जिच्यात पुढाकार बाईचा होता. शरीराचा प्रतिसाद दोन्हींना सारखाच, आणि भरपूर. मनाचा मात्र वेगळा. दुसरी फीत आवडली, पहिलीने लाज, अपराधीपणा आणि किळस आणली. 'माझ्या बायकोला असलं काही आवडतच नाही' अशी तक्रार घेऊन जोडपं येतं तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा : नक्की काय दाखवलं? बहुतेक वेळा फोनवर आलेली कुणाची तरी पुढे ढकललेली क्लिप असते, जिच्यात बाईचा चेहरा वेदनेने वाकडा झालेला असतो. त्यावरून तिची दृश्यांविषयीची आवड ठरवणं चुकीचं आहे.

दुसरा प्रश्न जागेचा. बँक्रॉफ्ट आणि यान्सन यांच्या सिद्धांतानुसार उत्तेजनेच्या दोन वेगळ्या यंत्रणा असतात, एक गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखी आणि एक ब्रेकसारखी. सरासरीने स्त्रियांत ब्रेक जास्त संवेदनशील दिसतो, दोघांच्या आकड्यांत भरपूर सामाईक भाग असला तरी. आता कोपरखैरणेचं माथाडी घर किंवा वागळे इस्टेटमधली वन रूम किचन डोळ्यांसमोर आणा. पडद्याआड सासू, बाजूला झोपलेलं मूल, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. तिथे बाईला काही वाटलं नाही तर दोष दृश्याचाही नाही आणि तिचाही नाही. दाबलेला ब्रेक सुटत नाही तोवर जास्त भडक दृश्य दाखवून काही होत नाही, उलट किळस वाढते.

किळसेबद्दल अजून थोडं. ग्रोनिंगेनमध्ये बोर्ग आणि दे योंग यांनी २०१२ मध्ये दाखवलं की लैंगिक फीत पाहिलेल्या स्त्रियांना किळसवाण्या गोष्टी कमी किळसवाण्या वाटल्या आणि त्या करायला त्या जास्त तयार झाल्या. म्हणजे उत्तेजना आधी आली तर किळस मावळते. आधीच किळस आली तर गाडं तिथेच अडतं. क्रम महत्त्वाचा.

कळवा_खाडी

पण एरवी बघण्यात तरी पुरुष खूप पुढे आहेत ना? ते कुणी नाकारत नसावं.

घणसोली_११

पुढे आहेत, नाकारत नाही. पीटरसन आणि हाइड यांच्या २०१० च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात लैंगिक वर्तनातले बहुतेक फरक लहान निघाले. जे थोडे मध्यम निघाले त्यांत पॉर्न बघणं हा एक. फरकाचा आकार ०.६३. कुणीही एक पुरुष आणि एक स्त्री उचलली तर शंभरांपैकी साधारण ६७ वेळा पुरुष जास्त बघणारा निघेल, ३३ वेळा स्त्री. दोन्ही आलेख सुमारे ७५ टक्के एकमेकांवर पडतात.

हा आकडा सांगितलेल्या माहितीवरचा आहे. अलेक्झांडर आणि फिशर यांनी २००३ मध्ये एकाच प्रश्नावलीसाठी तीन गट केले. पहिल्या गटाला वाटत होतं की उत्तरं दुसऱ्या कुणाच्या नजरेला पडतील. दुसऱ्याची उत्तरं निनावी होती. तिसऱ्याला खोटं पकडणारं यंत्र लावलंय असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते नुसतंच जोडलेलं. पॉर्न आणि हस्तमैथुन यांतला स्त्री-पुरुष फरक पहिल्या गटात सगळ्यात जास्त दिसला, तिसऱ्यात सगळ्यात कमी. फरकाचा एक भाग बायकांच्या सावधपणाचा आहे.

आपल्याकडे तर साधनाचाच प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या जेमतेम ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. ज्या फोनचा पासवर्ड नवऱ्याला, मुलाला ठाऊक आहे त्यावर ती काय बघणार? 'बायका बघत नाहीत' हे निरीक्षण इच्छेबद्दल काही सांगतं की फोनबद्दल, हे आधी सुटं करावं लागेल.

सीवूड्स_सायली

आणि प्रयोगांना कोण येतं हेही पाहा. प्रयोगशाळेत येऊन शरीरावर साधन लावून घ्यायला तयार होणाऱ्या स्त्रिया आधीच लैंगिक बाबतीत मोकळ्या असतात. नकार देणाऱ्या बायका पुरुषांपेक्षा जास्त. वर सांगितलेले जवळजवळ सगळे प्रयोग अमेरिका, कॅनडा, नेदरलँड्समधले, बरेचसे विद्यार्थ्यांवरचे. शरीराचं आपसूक चालणारं काम तिथे आणि इथे वेगळं असायचं कारण नाही. लाज, किळस, 'मला काही वाटलं का' याचं उत्तर मात्र इथे नक्की वेगळं येईल, आणि फरकाचा मोठा भाग तर त्याच थरात आहे.

मराठीत हा विषय नवा नाही, हेही नमूद करते. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. स्त्रीलाही कामेच्छा असते हे स्पष्ट लिहिलं आणि अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते.

मुंब्रा_बायपास

एक प्रश्न आहे, स्पष्ट विचारते. मैत्रिणीचा नवरा तिला जबरदस्तीने व्हिडिओ बघायला लावतो. ती नको म्हणते. तो म्हणतो, तुझं अंग तर तयार होतंय, मग तोंडाने नाटक कशाला? ती स्वतःवरच शंका घ्यायला लागली आहे.

गौरी_वाशी

तिला वरचा ०.२६ हा आकडा समजावून सांगा. भूक नसतानाही कैरी पाहून तोंडाला पाणी सुटतं, ती शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे. ओलावा आला म्हणजे इच्छा झाली, असं कुठलंही संशोधन म्हणत नाही. बलात्कार झालेल्या स्त्रियांच्या, आणि पुरुषांच्याही, शरीराने प्रतिसाद दिल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. त्याचा होकाराशी संबंध नाही. तिचं 'नको' हेच उत्तर, आणि ते पुरेसं आहे. तिच्यावर ताण दिसत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

उपवन_वकील

कायद्याचं मी सांगतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली घटनेचा जो अहवाल भरतात, त्यात लैंगिक हिंसेच्या रकान्यात 'अश्लील चित्रं किंवा साहित्य बघायची सक्ती केली' असा स्वतंत्र उल्लेख आहे. मैत्रिणीने जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जावं. तो अहवाल भरून घेणं हे त्यांचं काम आहे. भरताना नुसतं 'त्रास देतो' असं मोघम लिहू देऊ नये. काय दाखवलं, साधारण कधीपासून, नको म्हटल्यावर काय झालं, आणि ते व्हिडिओ कुठल्या फोनवर आहेत हे लिहून घ्यावं. पुरावा म्हणून ती क्लिप स्वतः कुणाला पाठवू नये. उघड लैंगिक मजकूर इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७अ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. फोन दाखवावा, क्लिप पुढे ढकलू नये.

कळवा_खाडी

ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेल्या क्लिपचं काय? महापे-ऐरोलीकडे हे सर्रास चालतं, आणि आक्षेप घेतला की 'बायकांना विनोद कळत नाही' असं ऐकवतात.

उपवन_वकील

स्त्रीच्या इच्छेविरुद्ध तिला पॉर्न दाखवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये लैंगिक छळ म्हणून लिहिलेलं आहे, तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. २०१३ च्या कामाच्या ठिकाणच्या कायद्यातही ते व्याख्येतच आहे. ती हसली का, गप्प राहिली का, याला महत्त्व नाही. तिला ते नको होतं का, एवढंच बघायचं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर आस्थापनेत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. संदेशाचा स्क्रीनशॉट वेळ, क्रमांक आणि ग्रुपचं नाव दिसेल असा घ्या, दृश्य झाकलं तरी चालेल.

दहापेक्षा कमी माणसांचं दुकान-कार्यालय असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. इथे लोक हमखास चुकतात : ऐरोली, महापे, वाशी, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात. नवी मुंबई म्हणून सगळे अर्ज ठाण्याला नेले तर तीन महिन्यांतले दिवस फुकट जातात.